जिम काढायचीय? सही करायच्या आधी नकाशा बघा

(आपल्या ताज्या एपिसोडचं हे लेखी रूप. बोलताना आलेले "अं", "तर काय ना" थोडे छाटलेत. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा एपिसोड एका व्हॉइस नोटमुळे झालाय. न्यूयॉर्कमधल्या एका श्रोत्याने पाठवलीय. त्यांच्या परवानगीने थोडक्यात सांगतो.

"दादा, मी मूळचा कोल्हापूरचा, सध्या क्वीन्समध्ये असतो. आठ वर्षं दुसऱ्यांच्या जिममध्ये ट्रेनर म्हणून काढली. आता स्वतःची काढायचीय. जॅक्सन हाइट्समध्ये एक गाळा बघितलाय. चार हजार स्क्वेअर फूट आहे, आधी तिथं कपड्यांचं दुकान होतं. वरच्या मजल्यांवर लोक राहतात. ब्रोकर म्हणतोय की तिथं सी-१ ओव्हरले आहे, झोनिंगचं काही टेन्शन नाही, लीजवर सही करून टाका. दहा वर्षांची लीज आहे. आठ वर्षांची सगळी बचत त्यात जाणार. बायको म्हणते, सही करायच्या आधी कुणाला तरी विचारा. म्हणून तुम्हाला विचारतोय."

पहिली गोष्ट, वहिनींचं बरोबर आहे. दुसरी गोष्ट, मी वकील नाही आणि आर्किटेक्टही नाही. मी कोड लिहितो. पण प्रश्न डोक्यात बसला, म्हणून न्यूयॉर्कचे झोनिंगचे नियम वाचायला घेतले. आणि खरं सांगतो, पन्नास-साठ वर्षं जुन्या कोडबेसमध्ये शिरल्यासारखं वाटलं. मधेच एक अशी अट सापडते की तुम्ही कपाळाला हात लावता: हे कुणी लिहिलं आणि का लिहिलं?

त्यात जिमबद्दलची अट सगळ्यात भारी निघाली. कारण चाळीसहून जास्त वर्षं न्यूयॉर्कमध्ये जिम उघडायला एक खास परवाना लागायचा, आणि त्या परवान्याचा व्यायामाशी फारसा संबंधच नव्हता. ती गोष्ट आधी ऐका. मग या दादांच्या गाळ्याकडे येऊ.

झोनिंग म्हणजे नेमकं काय?

झोनिंग म्हणजे शहराने ठरवलेलं, कुठल्या जागेवर काय चालेल आणि तिथं केवढी इमारत उभी राहील. न्यूयॉर्कने १९१६ साली अख्ख्या शहरासाठी असा कायदा केला. अमेरिकेतला अशा प्रकारचा तो पहिलाच. त्याच्या आदल्याच वर्षी लोअर मॅनहॅटनमध्ये इक्विटेबल बिल्डिंग पूर्ण झाली होती. रस्त्याच्या कडेपासून सरळ वर गेलेला एक प्रचंड ठोकळा. तिच्या सावलीत आजूबाजूच्या इमारती अंधारल्या आणि लोक वैतागले. त्यामुळे नियमांच्या मागणीला जोर आला.

१९६१ साली शहराने तो कायदा नव्याने लिहिला. आजचे नियम त्याच पायावर उभे आहेत. जमिनीचे तीन मोठे प्रकार: आर म्हणजे राहण्यासाठी, सी म्हणजे व्यापारासाठी, एम म्हणजे कारखाने आणि उत्पादनासाठी. पुढे प्रत्येकाचे उपप्रकार. सी-१ आणि सी-२ म्हणजे गल्लीच्या तोंडावरची किराणा, लाँड्री, सलून अशी रोजच्या गरजेची दुकानं. सी-४ म्हणजे मोठी बाजारपेठ. सी-५ आणि सी-६ म्हणजे मिडटाउनसारखा गजबजलेला व्यापारी भाग.

आता "ओव्हरले". राहण्याच्या भागातून जाणाऱ्या मोठ्या रस्त्यालगत शहर एक पट्टी आखतं आणि म्हणतं, इथं खाली दुकानं चालतील. ही पट्टी बहुतेक वेळा सी-१ किंवा सी-२ असते. खाली दुकान, वर बिऱ्हाडं. आपल्या दादांचा गाळा तसाच आहे.

इथपर्यंत सोपं आहे. खरी गोम पुढे आहे. हा कायदा यादीवर चालतो. कुठल्या झोनमध्ये कुठले वापर चालतील याची यादी दिलेली असते. तुमचा धंदा यादीत असेल तर तो तुमचा हक्काचा वापर. झोनिंगसाठी वेगळी परवानगी मागायची नाही. यादीत नसेल, तर गप्प बसलेल्या नियमाचा अर्थ "नाही" असाच घ्यायचा. प्रोग्रामिंग करणाऱ्यांना हे लगेच कळेल: सगळं मुळात बंद, यादीत आहे तेवढंच चालू.

आणि एक मधली वाटही असते, ती म्हणजे स्पेशल परमिट. म्हणजे यादीत तुमचं नाव आहे, पण समोर शेरा मारलाय: "आधी आम्हाला येऊन भेटा." जिमच्या नावासमोर हाच शेरा होता.

जिमवर संशय का आला?

१९७० च्या दशकातलं टाइम्स स्क्वेअर डोळ्यासमोर आणा. आजचे झगमगते स्क्रीन विसरा. बेचाळिसाव्या रस्त्यावर पोर्न सिनेमाची थिएटरं होती, पीप शो होते आणि मसाज पार्लर होती. त्यातल्या बऱ्याच पार्लरांमध्ये पाठ चोळण्यापलीकडचे व्यवहार चालायचे. बाहेर पाटी मात्र सभ्य. "हेल्थ क्लब" म्हणा, "स्पा" म्हणा, काहीही चालायचं.

शहरापुढे पेच असा की वेश्याव्यवसायाचा खटला प्रत्येक वेळी पुराव्यानिशी उभा करावा लागतो. एक पार्लर बंद केलं की शेजारी दुसरं उघडतं. मग शहराने झोनिंगचं हत्यार काढलं. "फिजिकल कल्चर एस्टॅब्लिशमेंट" असा एक नवा वर्ग तयार केला. शब्दशः सांगायचं तर शरीरसंवर्धनाची जागा. व्यायामाने किंवा मसाजने माणसाच्या शारीरिक स्थितीवर परिणाम करणारी कुठलीही सोय, मग ती धंदा म्हणून चालो वा क्लब म्हणून, ती या वर्गात.

"व्यायामाने किंवा मसाजने." सगळी भानगड त्या "किंवा"मध्ये आहे. जाळं टाकलं मसाज पार्लरसाठी, पण भोकं एवढी बारीक ठेवली की वजनं उचलणारे, कराटे शिकवणारे आणि एरोबिक्सवालेही त्यात अडकले.

तेव्हाच्या लोकांना हे फार खटकलं नसेल, कारण गल्लोगल्ली जिम असण्याचा तो काळ नव्हता. न्यूयॉर्क मॅरेथॉन १९७० साली सुरू झाली, तीही सेंट्रल पार्कमध्ये गोल-गोल फिरून. ती शहराच्या पाचही भागांतून धावायला लागली १९७६ साली. जेन फोंडाची व्यायामाची व्हिडिओ कॅसेट आली १९८२ मध्ये. म्हणजे सामान्य माणसाने पैसे भरून व्यायाम करायची लाट नीट उसळायच्या आधीच नियम लिहून झाला होता. लाट आली, जिमची संख्या वाढली, नियम मात्र तसाच राहिला.

परवाना मिळवायला काय लागायचं?

अर्ज जायचा बोर्ड ऑफ स्टँडर्ड्स अँड अपील्सकडे. हे मंडळही १९१६ मधलंच. महापौरांनी नेमलेले पाच आयुक्त त्यावर असतात. इमारत, झोनिंग, अपवाद अशा किचकट प्रकरणांचा निवाडा करणं हे त्यांचं काम.

मंडळ काय बघायचं? एक, या जागेमुळे परिसराच्या मूळ स्वरूपाला धक्का तर लागत नाही ना. दोन, ही खरोखरच व्यायामाची जागा आहे का. यासाठी नियमात खुणा दिल्या होत्या. पूर्ण मापाचं बास्केटबॉल, स्क्वॉश किंवा टेनिसचं कोर्ट, किंवा किमान १,५०० चौरस फुटांचा पोहण्याचा तलाव, किंवा शरीरसौष्ठव, वजन कमी करणं, एरोबिक्स, मार्शल आर्ट्स असल्या वर्गांची सोय, किंवा राज्याचं लायसन्स असलेल्या मसाज करणाऱ्यांची सोय. यातलं किमान एक तरी हवं. त्यामागचा विचार उघड आहे. बेकायदा पार्लर चालवणारा माणूस स्क्वॉश कोर्ट कशाला बांधेल?

तिसरी अट सगळ्यात बोलकी. शहराच्या तपास विभागाकडून मालक आणि चालकांची पार्श्वभूमी तपासली जायची आणि तो अहवाल मंडळाला समाधानकारक वाटावा लागायचा. म्हणजे तुम्हाला लोकांकडून स्क्वॉट मारून घ्यायचेत आणि शहर आधी बघतंय की तुम्ही गुन्हेगार तर नाही ना.

हे सगळं झाल्यावर मिळणारा परवाना जास्तीत जास्त दहा वर्षांचा. नंतर नूतनीकरणासाठी पुन्हा मंडळाच्या दारात.

मधे आणखी एक थांबा होता, तो म्हणजे कम्युनिटी बोर्ड. न्यूयॉर्कमध्ये अशी ५९ स्थानिक मंडळं आहेत. त्यांचं मत सल्ल्यापुरतं असतं, पण तिथं जाऊन शेजाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यावी लागतात. आवाज किती होणार, पहाटे किती वाजता उघडणार, गर्दी कुठे उभी राहणार. हे प्रश्न मात्र योग्यच होते बरं का. गंमत अशी की परवान्याचा जन्म ज्या भीतीतून झाला तिच्याशी या प्रश्नांचा काहीच संबंध नव्हता.

पैशांचं गणित

शहराच्या नियोजन खात्याच्याच अंदाजाप्रमाणे या प्रक्रियेला सहा महिने किंवा जास्त लागायचे आणि खर्च ५० हजार डॉलरपर्यंत जायचा. वकील, आर्किटेक्ट, फी, नकाशे सगळं धरून.

आता सहा महिने नुसतं थांबायला काय हरकत आहे, असं वाटेल. हरकत अशी की परवाना माणसाला मिळत नसे, पत्त्याला मिळत असे. आधी जागा धरून ठेवा, मग अर्ज करा. समजा महिन्याचं भाडं १५ हजार डॉलर. हा आकडा मी उदाहरणासाठी घेतोय. सहा महिन्यांचे झाले ९० हजार. त्यात ५० हजार मिळवा. १ लाख ४० हजार डॉलर गेले आणि अजून एकाही मेंबरने बूट घातलेले नाहीत.

मोठी साखळी असेल तर तिला हे परवडतं. तिचा वकील ठरलेला असतो, बाकीच्या शाखांमधून पैसा येत असतो. घरमालकाशी घासाघीस करून ती सुरुवातीचे काही महिने भाडं माफही करून घेते. एकट्या ट्रेनरकडे यातलं काहीच नसतं. म्हणजे नियम कागदावर सगळ्यांना सारखा, पण त्याचं ओझं लहान माणसाच्या पाठीवर जास्त.

मग लोक काय करायचे? जे आपल्याकडेही करतील तेच. आधी उघडायचं, मग बघू. मंडळाच्या जुन्या निकालांत असे कितीतरी अर्ज सापडतात ज्यांत आधीपासून चालू असलेली जिम "नियमित" करून मागितलीय. मंडळ अशांना परवाना द्यायचं, पण विनापरवाना चालवलेला काळ दहा वर्षांतून वजा करून. हे वाचून मला हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं. नियम मोडणाऱ्याला कुणी गुन्हेगार समजत नव्हतं, आणि पाळणाऱ्याला सहा महिन्यांचं भाडं भरावं लागत होतं.

आणखी एक विसंगती सांगतो. नाच शिकवणारा स्टुडिओ नियमात वेगळ्या वर्गात होता. व्यापारी भागांत अनेक ठिकाणी तो हक्काने चालायचा, स्पेशल परमिटशिवाय. म्हणजे त्याच खोलीत, त्याच गाण्यावर, तेवढाच घाम गाळत लोक उड्या मारतायत. पाटीवर "नृत्य" असेल तर उघडा दुकान, "एरोबिक्स" असेल तर मंडळापुढे उभे राहा.

हाच प्रश्न २०१९ मध्ये आला असता तर?

आता दादांच्या गाळ्याकडे या. सी-१ ओव्हरले.

जुन्या नियमात स्पेशल परमिटही सगळीकडे मिळत नव्हतं. सी-२, सी-४, सी-५, सी-६ अशा भागांत अर्ज करता यायचा, पण सी-१ च्या बहुतेक पट्ट्यांत ती सोयच नव्हती. तिथं एकच वाट उरायची, व्हेरियन्सची. म्हणजे नियमातून सूट मागायची. त्यासाठी पाच गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. त्यातली पहिलीच अशी की या जागेतच काहीतरी आगळी अडचण आहे, जिच्यामुळे नियम पाळून तिचा वापर करणं अवघड जातं. रस्त्यालगतचा चांगला चौकोनी गाळा असेल तर ही अडचण दाखवणार कुठून?

म्हणजे २०१९ मध्ये ब्रोकरने हेच वाक्य म्हटलं असतं, "सी-१ आहे, टेन्शन नाही", आणि दादांनी विश्वास ठेवून सही केली असती, तर आठ वर्षांची बचत एका रिकाम्या गाळ्याचं भाडं भरण्यात गेली असती.

२०२१: नियम निघाला

मग कोविड आला. मार्च २०२० मध्ये न्यूयॉर्कमधल्या जिम बंद झाल्या आणि शहरात त्या पुन्हा उघडल्या सप्टेंबरमध्ये, तेही मोजक्या माणसांसाठी. बऱ्याच जिम पुन्हा उघडल्याच नाहीत. दुकानांचे गाळे रिकामे पडले. त्या काळात शहराला प्रश्न पडला की रिकाम्या गाळ्यात कुणी जिम काढायला तयार असेल, तर आपण त्याला कशासाठी अडवतोय?

९ डिसेंबर २०२१ रोजी सिटी कौन्सिलने झोनिंगमधला बदल मंजूर केला. जिम, मार्शल आर्ट्सचे वर्ग, योगा स्टुडिओ, स्पा यांना व्यापारी भागांत हक्काने जागा मिळाली. लायसन्सधारक मसाज थेरपी आरोग्यसेवेत मोजली जाऊ लागली. ज्यांच्यासाठी मूळ नियम केला होता त्या बिनलायसन्सच्या मसाजच्या जागांवर बंदी कायम राहिली.

मला यातली शेवटची गोष्ट फार आवडली. मूळ काळजी खोटी नव्हती. चुकीच्या लोकांना त्रास होऊ नये एवढंच करायला हवं होतं, आणि त्यासाठी मसाज करणाऱ्याचं लायसन्स तपासणं पुरेसं होतं. ते लायसन्स राज्याकडे आधीपासूनच होतं. बग होता एका फंक्शनमध्ये आणि कुलूप लावलं होतं अख्ख्या ॲपला.

पुढे जून २०२४ मध्ये शहराने व्यापारी वापरांची सगळीच यादी नव्याने मांडली. आधी १८ गट होते, ते १० केले. त्यामुळे जिमबद्दल इंटरनेटवर जुना लेख सापडला तर तारीख बघा. २०२१ च्या आधीचा असेल तर इतिहास म्हणून वाचा, सल्ला म्हणून नको.

मग आता टेन्शन नाही?

आहे. फक्त वेगळं आहे, आणि माझ्या मते जास्त योग्य आहे. चार गोष्टी सांगतो.

पहिली, आकार. सी-१ आणि सी-२ मध्ये जिमला १० हजार चौरस फुटांपर्यंत हक्काने परवानगी आहे. त्याहून मोठी करायची तर पुन्हा त्याच मंडळाकडे. १० हजार चौरस फूट म्हणजे पुण्यातले साधारण दहा-अकरा टू-बीएचके एकत्र केल्यासारखं. दादांचा गाळा चार हजारांचा आहे, म्हणजे इथं सुटले.

दुसरी, आवाज आणि हादरे. इथं लक्ष द्या, कारण वर बिऱ्हाडं आहेत. शंभर किलोचा बारबेल खाली आदळला की हादरा खांबांतून आणि भिंतींतून वर चढतो. तो नुसता कानाला ऐकू येत नाही, पलंगावर झोपलेल्याच्या अंगाला जाणवतो. त्यामुळे वजनांच्या किंवा जोरदार व्यायामाच्या जिमला, इमारतीत वर घरं किंवा शेजारी इतर वापर असतील तर, ध्वनीतज्ज्ञाकडून आवाज आणि कंप रोखण्याची व्यवस्था आखून घ्यावी लागते. तरंगती फरशी, जाड रबर, छताला वेगळा थर. हा खर्च थोडाथोडका नसतो आणि तो लीजच्या बोलणीच्या वेळीच हिशोबात धरायला हवा. तुम्हाला डेडलिफ्टवाली जिम काढायचीय की योगाची, यावर हे गणित बदलतं.

तिसरी, सर्टिफिकेट ऑफ ऑक्युपन्सी. आपल्याकडच्या भोगवटा प्रमाणपत्राचा भाऊ समजा. झोनिंग सांगतं की या भागात जिम चालेल. हे प्रमाणपत्र सांगतं की या इमारतीत, या मजल्यावर कुठला वापर मंजूर आहे. तिथं "दुकान" लिहिलं असेल आणि तुम्ही जिम चालवणार असाल, तर प्रमाणपत्र बदलून घ्यावं लागू शकतं. त्यासाठी आर्किटेक्ट लागतो, इमारत विभागाकडे नकाशे दाखल करावे लागतात, दरवाजे आणि बाहेर पडायचे मार्ग मोजले जातात. १९३८ च्या आधीच्या इमारतींकडे असं प्रमाणपत्र नसूही शकतं. मग इमारत विभागाकडून "हरकत नाही" असं पत्र घ्यायचा मार्ग असतो. ब्रोकर "झोनिंगचं टेन्शन नाही" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत असेलच असं नाही. तो फक्त या तिसऱ्या गोष्टीबद्दल बोलत नाहीये.

चौथी, माणसांची संख्या. बंदिस्त जागेत ७५ किंवा त्याहून जास्त माणसं जमणार असतील तर ती न्यूयॉर्कच्या नियमात "सभेची जागा" होते आणि त्याचा वेगळा दाखला लागतो. चार हजार फुटांत जानेवारीतली संध्याकाळी सहाची बॅच आठवा. नव्या वर्षाचा संकल्प केलेली सगळी मंडळी एकदम येतात. आकडा किती होईल ते आर्किटेक्टकडून आधीच काढून घ्या.

तर दादा, सही करायच्या आधी

१. शहराचा झोनिंगचा नकाशा ऑनलाइन आहे, नाव "झोला". फुकट आहे, मोबाइलवर चालतो. पत्ता टाका आणि झोन स्वतःच्या डोळ्यांनी बघा. ब्रोकरच्या शब्दावर जाऊ नका.

२. घरमालकाकडे सर्टिफिकेट ऑफ ऑक्युपन्सीची प्रत मागा. इमारत विभागाच्या वेबसाइटवरही शोधता येते. तळमजल्यासमोर कुठला शब्द लिहिलाय तो बघा. तळघर मिळणार असेल तर त्याच्यासमोर काय लिहिलंय तेही बघा. बऱ्याच तळघरांसमोर "स्टोरेज" असतं, आणि तिथं तुम्ही ट्रेडमिल लावायचा बेत केलेला असतो.

३. न्यूयॉर्कमध्ये जिमची कामं केलेला आर्किटेक्ट गाठा आणि दोन तासांचे पैसे देऊन त्याचं लेखी मत घ्या. ध्वनीतज्ज्ञाचंही तसंच. हे पैसे वाचवायचे नाहीत.

४. लीजमध्ये एक कलम घालायला सांगा: जिमसाठी लागणाऱ्या परवानग्या ठरावीक मुदतीत मिळाल्या नाहीत, तर तुम्ही डिपॉझिट परत घेऊन बाहेर पडू शकता. आणि भाडं परवानग्या मिळाल्यावर सुरू व्हावं. घरमालक दोन्ही मान्य करेलच असं नाही, पण मागितल्याशिवाय एकही मिळणार नाही. परवानगीचा धोका कुणाच्या खिशातून जाणार, हे लीजमध्ये ठरतं. तिथं ठरवलं नाही तर तो तुमच्याच खिशातून जातो.

५. वैयक्तिक हमीचं पान दोनदा वाचा. न्यूयॉर्कमध्ये दुकानांच्या लीजला "गुड गाय गॅरंटी" जोडायची पद्धत आहे. ठरलेली नोटीस देऊन, भाडं चुकतं करून जागा मोकळी करून दिली की तुमची वैयक्तिक जबाबदारी संपते. पूर्ण दहा वर्षांची हमी देण्यापेक्षा ही कितीतरी बरी. तुमच्या लीजमध्ये नेमकी कुठली आहे, ते वकिलाकडून समजून घ्या. कंपनी बुडाली तर कंपनी बुडते. हमी तुमची असेल तर घर बुडतं.

६. सही करायच्या आधी एकदा वरच्या मजल्यावरच्या लोकांना भेटा. हे कुठल्याच नियमात नाही. पण पहाटे साडेपाचची बॅच चालू करणार असाल तर तुमचा खरा परवाना त्यांच्याकडे आहे.

आणि आपल्याकडे?

पुण्याहून, नाशिकहून ऐकणारे विचारतील, आमचं काय? आपल्याकडचे नियम वेगळे आहेत, त्यामुळे वरची यादी जशीच्या तशी वापरू नका. पण मूळ प्रश्न तोच आहे. महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना कायद्यात "विकास" या शब्दाच्या व्याख्येत फक्त बांधकाम येत नाही, जागेच्या वापरात केलेला मोठा बदलही येतो. म्हणजे एक वीटही न लावता तुम्ही "विकास" करू शकता, आणि त्याला परवानगी लागू शकते. मुंबई आणि काही ठरावीक क्षेत्रं सोडली तर राज्यभर २०२० ची एकत्रित नियमावली लागू आहे. मुंबईची स्वतःची वेगळी आहे. तेव्हा गाळा भाड्याने घेण्याआधी झोन दाखला, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला या चार कागदांबद्दल विचारा. "आधी इथं ऑफिस होतं, मग जिमला काय प्रॉब्लेम" हे वाक्य ऐकलं की सावध व्हा.

शेवटी

हे सगळं वाचताना मला ऑफिसमधली एक गोष्ट सारखी आठवत होती. जुन्या कोडमध्ये एक अट दिसते, कुणालाच कळत नाही ती कशासाठी आहे, आणि काढायची भीती वाटते म्हणून ती राहते. वर्षानुवर्षं लोक तिला वळसा घालत राहतात. मग एक दिवस कुणीतरी चिकाटीने मुळाशी जातं आणि कळतं की ज्या कारणासाठी ती लिहिली ते कारण कधीच संपलंय, आणि थोडं उरलंय ते दुसरीकडे जास्त नीट हाताळता येतं. न्यूयॉर्कला ते कळायला चाळीसहून जास्त वर्षं लागली. तेवढ्या काळात किती ट्रेनरांनी हिशोब मांडून जिमचा विचारच सोडून दिला असेल, त्याची नोंद कुठेच नसते. नाकारलेल्या अर्जाची फाइल असते, न केलेल्या अर्जाची नसते.

दादा, तुमचा अर्ज करायच्या आधी सोडून देऊ नका. नियम आता तुमच्या बाजूने आहे. फक्त सही दोन आठवडे पुढे ढकला, कागद बघा, आर्किटेक्टला गाळा दाखवा. ब्रोकर घाई करेल, ते त्याचं कामच आहे. जिम उघडली की आणखी एक व्हॉइस नोट पाठवा, आणि वहिनींना आमचा नमस्कार सांगा.

बाकी मंडळी, तुमच्या गल्लीतली जिम कुठल्या मजल्यावर आहे आणि तिच्या वर कोण राहतं, आज जाता-जाता बघा. बघितलं की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत व्यायाम चालू ठेवा, आणि डंबेल हळू ठेवा!